जखमेचे मोल आणि कामगाराचा हक्क

(पाली, ता. राजगड, जि. पुणे येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



राजगडाच्या ज्या दरवाजाला आपल्या गावाचे नाव मिळाले आहे, त्या पाली दरवाजाने एके काळी राजधानीची ये-जा होत असे. त्या काळातील एक नोंद आजच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. सन १६५९ मध्ये प्रतापगडच्या पायथ्याशी अफजलखानाच्या फौजेचा बीमोड झाला. त्यानंतर महाराजांनी काय केले, हे कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत सांगितले आहे. जे कामी आले, त्यांच्या मुलांना पुढे चालविण्याची आज्ञा झाली. ज्यांना पुत्र नव्हता, त्यांच्या पत्नींना निम्मे वेतन लावून दिले गेले. जखमींना जखम पाहून होन दिले गेले.

या व्यवस्थेत तीन तत्त्वे आहेत. घराला मिळणारा आधार वेतनाशी बांधलेला आहे. जखमीचे मोल जखमेच्या प्रमाणात आहे. आणि कर्ता पडला, तर त्याच्या घराचा भार ज्याच्यासाठी तो पडला त्याने उचलायचा आहे. आजचा कामगार भरपाईचा कायदा याच तीन तत्त्वांवर उभा आहे.

यंत्रयुग आले तेव्हा मात्र या तत्त्वांचा विसर पडला. मुंबईच्या गिरण्यांत बोटे, हात आणि प्राण जात होते; मालकाचे उत्तरदायित्व शून्य होते. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार सह्यांच्या निवेदनात रविवारच्या सुट्टीबरोबर आणखी एक मागणी होती : कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन मिळावे आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. त्यानंतर ३९ वर्षांनी, १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. आता त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हिने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नाव बदलले, पण गाभा तोच आहे.

हा गाभा नीट समजून घ्यावा. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, की मालक भरपाई देण्यास बांधील होतो. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. कामगाराचा थोडा निष्काळजीपणा झाला, एवढ्यानेही हक्क बुडत नाही. नशेत असणे किंवा सुरक्षेचे साधन मुद्दाम काढून टाकणे, असे काही अपवाद आहेत. पण मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर तेही मालकाच्या मदतीला येत नाहीत.

रक्कम कशी ठरते? मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वात ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणायचे. तीस वर्षांच्या कामगारासाठी हा अंक २०७.९८ आहे. १९२३ च्या कायद्याखाली ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतनाची मर्यादा १५,००० रुपये होती. त्या हिशेबाने अशा तरुणाच्या मृत्यूनंतर कुटुंबाचा हक्क १५,५९,८५० रुपयांचा होतो. अंगठा गेल्यास ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के कार्यक्षमता गमावली, असे परिशिष्टातच नमूद आहे. मात्र धंदाही पाहिला जातो. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, तेव्हा एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्वच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये दिला.

आता आपल्या परिसराचा विचार करू. इकडची मुले पहाटे अथवा रात्री दुचाकीवरून नसरापूर, खेड-शिवापूर, शिरवळकडे पाळीला जातात. वाटेत अपघात झाला तर? धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी पहाटे तीनच्या पाळीसाठी निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. मागे पत्नी, चार मुले आणि वृद्ध आई. आयुक्तांनी २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये व त्यावर व्याज मंजूर केले. उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते रद्द केले. आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बहाल केले. ठिकाण, वेळ आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल, तर कामावर जातानाचा अपघातही कामाचाच, हे तत्त्व त्यातून स्थिर झाले. नव्या संहितेत तर येण्या-जाण्याचा प्रवास स्पष्ट शब्दांत आला आहे.

न्याय मिळाला, पण बावीस वर्षांनी! तेवढ्या काळात त्या माउलीने चार लेकरे कशी वाढवली असतील? म्हणून खरी लढाई पहिल्या महिन्याची असते. होते काय, की अपघातानंतर ठेकेदार घरी येतो, पाच-पन्नास हजार हातावर ठेवतो आणि कोऱ्या कागदावर सही घेतो. घरचे लोक उपकार मानतात. वस्तुतः हक्क सोडून देणारा करार कायद्याने निरर्थक आहे. मृत्यूची भरपाई परस्पर न देता सक्षम प्राधिकाऱ्याकडेच जमा करावी लागते. एक महिन्यात ती भरली नाही, तर व्याज आणि समाधानकारक कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. कामगार ठेकेदाराचा असला, तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही.

आपल्यातील कार्यकर्त्यांनी एवढे करावे. अपघाताची लेखी सूचना मालकाला त्वरित द्यावी आणि पोच घ्यावी. रुग्णालयातील कागदात अपघात कामावरचा आहे, अशी नोंद होते की नाही, ते पाहावे. हजेरी, वेतनाची चिठ्ठी, बँकेचे पासबुक, पोलीस पंचनामा जपून ठेवावा. पगारातून राज्य विम्याची वर्गणी कापली जात असेल, तर मार्ग विमा महामंडळाच्या कार्यालयातून जातो; तेथे तात्पुरत्या अपंगत्वात सुमारे ९० टक्के वेतन आणि मृत्यूनंतर आश्रितांना निवृत्तिवेतन मिळते. विमा नसेल, तर दोन वर्षांच्या आत दावा दाखल करावा.

गावातील कोणाच्या घरी असा प्रसंग आला, तर सांत्वनाला आपण जातोच. त्याच भेटीत कागदांची पिशवी उघडून बसावे. निम्मे वेतन चालू ठेवण्याची आज्ञा झाली, तेव्हा त्या विधवेला कोणाच्या दारात उभे राहावे लागले नव्हते. राजगडाच्या छायेत राहणाऱ्या माणसांनी आपल्या गावातील एकाही भगिनीला तसे उभे राहू देऊ नये.