संमतिपत्रावरची सही



मघाशी पारितोषिकांच्या यादीत राष्ट्रीय सेवा योजनेच्या उत्कृष्ट स्वयंसेविकेचं नाव पुकारलं गेलं. ती मुलगी वर आली, प्रशस्तिपत्रक घेतलं आणि झटकन खाली गेली. आजचं माझं बोलणं तिच्या त्या पारितोषिकाबद्दल आहे.

मी पंचायत समितीत गटविकास अधिकारी आहे. सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका यांच्यात माझा दिवस जातो. पदवीनं मला स्पर्धा परीक्षेपर्यंत नेलं, पण चार माणसांपुढे उभं राहायचं बळ आलं ते महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या श्रमसंस्कार शिबिरात. अकोले तालुक्यातलं दत्तक गाव, मुक्कामाला जिल्हा परिषद शाळेच्या खोल्या, डिसेंबरची थंडी. घर सोडून मी प्रथमच राहत होते आणि शिबिर घेणाऱ्या सरांनी पहिल्याच संध्याकाळी मला गटप्रमुख केलं.

ही योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि सुमारे ४०,००० विद्यार्थी होते. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा साचा. छातीवरच्या बिल्ल्यात कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक असतं, त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर. काही विद्यापीठांत या कामाचे सवलतीचे गुणही मिळतात. गुणांसाठी येणाऱ्यांनी जरूर यावं. शिबिर त्यांनाही सोडत नाही.

आमच्या शिबिरात ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटची रिकामी पोती वाळू-मातीनं भरायची, तोंड सुतळीनं शिवायचं आणि थरावर थर रचायचे. पोतं गच्च भरलं तर ते गोल होतं, शेजारच्या पोत्याला चिकटून बसत नाही आणि फटीतून पाणी निघून जातं. म्हणून ते थोडं रिकामं ठेवावं लागतं. वरच्या थरातलं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर आलं पाहिजे. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. प्रत्यक्षात पाण्यात उभं राहून पाय बधिर होतात आणि सुतळीनं बोटं कापतात.

पोती हातोहात पुढे द्यायला आम्ही रांग केली. दणकट मुलं आपोआप एका टोकाला जमली. तिकडून पोती भराभर यायची आणि मध्येच ढीग लागायचा. मग आरडाओरडा, एकमेकांवर चिडणं. काठावर बसलेले एक आजोबा बराच वेळ पाहत होते. ते म्हणाले, "पोरी, तू बी पोती उचलाया लागलीस तर रांग कोन बघनार? वर ये जरा." मी वर गेले. तिथून दिसलं, की एका मुलीचा खांदा दुखतोय आणि ती सांगत नाही. एकाला शेजाऱ्याची उंची जमत नाही. दोघं मित्र शेजारी उभे राहून नुसते गप्पा मारतायत. आजोबांच्या सांगण्यावरून आम्ही एक दणकट, एक नाजूक अशी आलटून पालटून माणसं उभी केली. ढीग लागायचा थांबला. आजही एखादी योजना गावात अडली, की मी आधी रांगेतून बाहेर येऊन पाहते, पोती नेमकी कुठे साचतायत.

दुपारी ग्रामसर्वेक्षण असायचं. हातात फॉर्म घेऊन घरोघरी जायचं. ओट्यावर घरातले कर्ते पुरुष बसलेले, पाणी किती लागतं, कुठून येतं, सगळी उत्तरं तेच द्यायचे. आम्ही मुलींनी ठरवलं, की एकीनं ओट्यावर बसायचं आणि दुसरीनं परसात भांडी घासणाऱ्या बाईजवळ. दोन फॉर्म भरले गेले आणि दोन्हींत पाण्याची वेगवेगळी कहाणी निघाली. ओट्यावर पाणी मुबलक होतं, परसात ते पहाटे उठून डोक्यावरून आणावं लागत होतं. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असा कायदा आहे. सभा होतात, वहीत सह्याही होतात. पण तिथे तोंड उघडायची सवय बाईला कधी लागायची? मुलगी घरात असते तेव्हा तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा वडील देतात, भाऊ देतो, प्रेमानंच देतो. परक्या गावात ती कोणाची मुलगी हे कोणालाच ठाऊक नसतं. उत्तर तिलाच द्यावं लागतं.

मुलांनाही शिबिर तितकंच देतं. स्वयंपाकाची पाळी सगळ्यांना असते. घरी ताट समोर येणाऱ्या मुलानं पन्नास जणांसाठी पिठलं ढवळलं, शेवटच्या पंगतीला भात कमी पडला आणि वाढणाऱ्यांनी उरलेलं वाटून खाल्लं, की घरी गेल्यावर तो आईला "तू जेवलीस का?" असं विचारतो. माझ्या गटातल्या एकाच्या आईनं हे मला पुढे स्वतः सांगितलं होतं.

गाडगेबाबा गावात शिरताच आधी खराटा हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. शिबिराचा दिवसही तसाच चालतो: सकाळी श्रमदान, रात्री बौद्धिक आणि गाणी. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. सकाळी ज्यानं गटार उपसलं, त्याचं रात्रीचं बोलणं गाव ऐकतं. वक्तृत्व स्पर्धेत ढाली मिळवणाऱ्यांना मी मनापासून सांगते, एकदा या क्रमानं बोलून पाहा.

या शिबिरानंतरच्या वाटाही आहेत. 'आव्हान' शिबिरात आपत्तीच्या वेळी काय करायचं ते शिकवतात. निवड झाली तर प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी दिल्लीला जाता येतं. वेगवेगळ्या राज्यांतली मुलं राष्ट्रीय एकात्मता शिबिरात एकत्र राहतात.

आता पालकांशी बोलते. दरवर्षी काही मुली शिबिराला नाव देतात आणि संमतिपत्रावर सही न मिळाल्यामुळे नाव मागे घेतात. तुमची काळजी खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. तुम्ही योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. मुली कुठे झोपणार, दाराला आतून कडी आहे का, शौचालय किती अंतरावर आहे, सोबत कोणत्या प्राध्यापिका राहणार, जवळचा दवाखाना कोणता, हे सगळं विचारा. उत्तरं समाधानकारक नसतील तर व्यवस्था सुधारायला लावा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यानं शिबिर चांगलंच होईल. जमलं तर मधल्या एखाद्या दिवशी स्वतः गावात जाऊन या, श्रमदानाला हात लावा.

आणि उत्तरं पटली, तर माझी हात जोडून विनंती आहे, त्या कागदावर सही करा.