खोटं ओळखायला शिकता येतं का?

आजचा विषय जरा जड आहे.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आलीय, असे मेसेज त्या भागात आधीच फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं.

त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं पोर उचलतात आणि पसार होतात. तो होता कराचीतला, तोही जनजागृतीसाठी मुद्दाम केलेला! मूळ व्हिडिओत ते दोघं मुलाला लगेच परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. नेमका तेवढा शेवट कुणीतरी कापला.

आता मला सांगा, तो व्हिडिओ शंभर वेळा बघून काय कळणार होतं? 'नीट बघा, खोटं लगेच दिसेल' हा सल्ला इथेच फसतो. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यार्थी आणि फॅक्ट-चेकर यांना सारख्याच वेबसाइट तपासायला दिल्या. भलेभले अभ्यासक चकचकीत लोगो बघून फसले. फॅक्ट-चेकर मात्र त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. दुसरी टॅब उघडली आणि या साइटबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं. बस, एवढंच. हे तर कुणालाही जमेल.

पण शिकवून जमतं का? इथे बिहारची गोष्ट भारी आहे. 2019च्या निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी तिथे हजाराहून जास्त लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर शिकवलं, फोटो उलटा कसा शोधायचा तेही दाखवलं. एकूण फरक? जवळजवळ शून्य. (आमच्या कॉलेजातल्या एक तासाच्या 'जागृती शिबिरां'ची आठवण झाली.)

मग त्याच बिहारमध्ये, काही सहकाऱ्यांसोबत, त्यांनी शाळकरी मुलं घेतली. 13 हजारांहून जास्त. चौदा आठवड्यांत चार वर्ग, प्रत्यक्ष समोर बसून. मुलांना खरं-खोटं जास्त चांगलं ओळखता येऊ लागलं, आणि चार महिन्यांनंतरही ते टिकलं. मला सगळ्यात आवडलं ते पुढचं: वर्गात न बसलेल्या त्यांच्या आईवडिलांमध्येही फरक दिसला.

म्हणजे फॅमिली ग्रुपवरच्या काकांना सगळ्यांसमोर 'फेक आहे' म्हणून तोंडावर पाडण्यापेक्षा, जेवताना शेजारी बसून 'काका, हे कुठून आलं ते बघूया का?' असं विचारणं बरं. एकदा नाही, परत परत. मी सध्या हेच करतोय. परवा काकांनी एक मेसेज ग्रुपवर न टाकता आधी मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'बघ रे जरा.'

चला, भेटूया पुढच्या भागात.