चहाच्या कपातील उष्मांकांचा हिशेब

(जागतिक मधुमेहदिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात आहारशास्त्र विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी आम्ही मधुमेहींच्या एकूण आहाराविषयी बोलतो. यंदा केवळ चहाविषयी बोलावे असे विभागात ठरले. त्यास कारण आमचीच एक चूक आहे आणि ती आपणांसमोर मांडण्यात आम्हांस संकोच वाटत नाही.

आमच्या छापील आहारतक्त्यात कित्येक वर्षे 'सकाळी ७ : चहा, १ कप' एवढाच उल्लेख होता. भाकऱ्या किती, भात किती वाट्या, तेल किती चमचे हे सारे आम्ही काटेकोरपणे लिहीत होतो. चहाचा कप केवढा, त्यात दूध कोणते आणि साखर किती, हे मात्र कोठेच नव्हते. चहा जणू पाण्याच्याच सदरात मोडत होता.

ही उणीव आमच्या ध्यानात आणून दिली ती एका रुग्णाच्या पत्नीने. हे गृहस्थ एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतात. सकाळी दहापासून दुपारपर्यंत बाजारपेठेतील दुकाने पायी फिरावयाची आणि रोजची ठेव जमा करावयाची, हे त्यांचे काम. गोळ्या नियमित, चालणे भरपूर, जेवणही बेताचे. तरीही तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी तपासणी प्रत्येक वेळी चढीच येत होती. इन्सुलिन सुरू करावे काय, असा विचार डॉक्टर करू लागले होते. चहा किती होतो, असे आम्ही विचारले तेव्हा ते म्हणाले, "तीन कप, तोही साखर कमी." शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, आणि दुकानांतला?" त्यावर ते सहज उत्तरले, "तो काय चहा म्हणायचा? दोन घोट तर असतात!"

ते खोटे बोलत नव्हते. आपणही त्यांच्यासारखेच मोजतो. घरी बशीसह पुढे येतो तो चहा आणि दुकानाच्या फळीवर उभ्याने घेतलेली कटिंग म्हणजे निव्वळ शिष्टाचार, अशी आपली समजूत असते. आम्ही त्यांच्यासमोर कागद ठेवला आणि दुकाने मोजली. नऊ दुकानांत नऊ कटिंग होत होते.

आता हिशेब पाहू. एक ग्रॅम साखरेपासून ४ उष्मांक मिळतात. चहाचा सपाट चमचा भरून साखर सुमारे ५ ग्रॅम भरते, म्हणजे २० उष्मांक. शीग लावून घेतलेला चमचा सात-आठ ग्रॅमपर्यंत सहज जातो. दुधाचे गणित स्निग्धांशावर अवलंबून असते, कारण एक ग्रॅम स्निग्धांशापासून ९ उष्मांक मिळतात, तर प्रथिने आणि दुग्धशर्करा यांपासून प्रत्येकी ४. पिशवीवर स्निग्धांशाचे प्रमाण छापलेले असते, ते वाचण्याची सवय ठेवावी. ६ टक्के स्निग्धांशाच्या फुल क्रीम दुधाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे ८७, ३ टक्क्यांच्या टोन्ड दुधात सुमारे ५८ आणि दीड टक्क्याच्या डबल टोन्ड दुधात सुमारे ४७ उष्मांक असतात. घरी म्हशीचे दूध येत असेल तर ते फुल क्रीमच्याच घरातले समजावे, किंबहुना थोडे वरचढच.

दीडशे मिलिलिटरचा घरचा कप, त्यात निम्मे फुल क्रीम दूध आणि दोन चमचे साखर धरली, तर दुधाचे ६५ आणि साखरेचे ४० असे १०५ उष्मांक होतात. कटिंग लहान असली तरी टपरीवरचा चहा गोड असतो. दीड चमचा साखर आणि दोन-अडीच मोठे चमचे दूध धरले तरी पन्नास ते साठ उष्मांक होतात. आमच्या या गृहस्थांचे घरचे तीनशेवर आणि बाजारातले सुमारे पाचशे असे दिवसाचे आठशेच्या आसपास उष्मांक भरले. मध्यम आकाराच्या साडेतीन ज्वारीच्या भाकऱ्या खाल्ल्यासारखे हे झाले. त्यातील साखरच जवळपास शंभर ग्रॅम होती. जेवणातील अर्धी भाकरी कमी करण्यासाठी आम्ही त्यांच्याशी महिनोन् महिने हुज्जत घालीत होतो!

येथे एक अडचण ध्यानात घ्यावी. ज्या देशांत कोरा चहा समोर ठेवून वर दूध-साखर घालण्याची रीत आहे, तेथे पिणाऱ्यास आपले चमचे मोजता येतात. आपल्याकडे साखर पातेल्यातच उकळते. चहा करणाऱ्या व्यक्तीखेरीज ती कोणास दिसत नाही, आणि करणारीही मुठीच्या किंवा डब्यातील वाटीच्या अंदाजाने घालते. 'साखर कमी' हे शब्द म्हणूनच फारसे उपयोगी पडत नाहीत. कशापेक्षा कमी, हे कोणासच ठाऊक नसते. चहा आटवून 'स्ट्राँग' केला तर केवळ पाणी उडून जाते. उष्मांक पातेल्यातच राहतात आणि त्याच आकाराच्या कपात ते अधिक येतात.

यास्तव आम्ही मोजणी कपाऐवजी डब्यापासून करावयास सांगतो. साखरेचा डबा भरला की त्यावर कागद चिकटवून तारीख आणि वजन लिहावे. डबा रिकामा होईल तेव्हा दिवस मोजावेत. चार माणसांच्या घरात महिन्यास पाच किलो साखर लागत असेल, तर माणशी रोज सुमारे ४२ ग्रॅम, म्हणजे सुमारे १६७ उष्मांक होतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा ५० ग्रॅम येते. पाच टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे २५ ग्रॅमच्या आत राहता आले तर अधिक चांगले, असेही त्यात म्हटले आहे. या मर्यादेत बिस्किटे, मिठाई आणि सरबतेही मोजावयाची आहेत, आणि आपला डबा तर एकट्या चहानेच निम्म्याहून अधिक रिता होतो. आपल्या भागात कारखान्याच्या सभासदांना सवलतीच्या दराने साखर मिळते. ती मिळावी, तो त्यांचा हक्क आहे. परंतु घरात पोते असले की हात सैल सुटतो, हा आमचा अनुभव आहे.

गुळाच्या चहाविषयी आम्हांस वारंवार विचारणा होते. रस्तोरस्ती त्याच्या पाट्या लागल्यापासून मधुमेही मंडळींनाही तो निर्धोक वाटू लागला आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या आहारमूल्य कोष्टकात १०० ग्रॅम साखरेचे ३९८ उष्मांक दिले आहेत, तर गुळाचे ३८३. फरक एवढाच. शिवाय गूळ कमी गोड लागतो म्हणून खडा मोठा पडतो. गुळाची चव आवडत असेल तर अवश्य घ्यावा, पण साखरेच्याच खात्यावर लिहावा.

सायीबद्दल भगिनीवर्गाचा नेहमीचा युक्तिवाद असा की, 'आम्ही साय काढूनच दूध वापरतो.' उत्तम. मात्र साय विरजून, लोणी काढून, कढवून त्याचे तूप होते आणि ते त्याच घरातील वरणभातावर पडते. उष्मांक घराबाहेर गेलेले नसतात.

दुधात घालावयाच्या पुडींच्या डब्यावरील साखरेचा आकडाही वाचावा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशी पेये विक्रीच्या संकेतस्थळांवरील 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढावीत असे कळविले, ते उगीच नव्हे. पूर्ण दुधाची कॉफी घेणाऱ्यांनी तिचे दीडशेच्या पुढे उष्मांक धरावेत. कृत्रिम गोडीच्या गोळ्या वजन आटोक्यात ठेवण्यासाठी वापरू नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सुचविले. ती सूचना आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

हे सारे ऐकून काही मंडळी घरी जाऊन सर्वांचेच दूध तोडतील, अशी आम्हांस भीती वाटते. तसे करू नये. कृश वृद्धांना, भूक मंदावलेल्यांना, आजारातून उठलेल्यांना चहातील दूध हा दिवसातील थोडक्या प्रथिनांपैकी एक वाटा असतो. त्यांच्या कपात दूध राहू द्यावे, हवे तर वाढवावे. आमच्या स्त्रीरोग विभागात येणाऱ्या कित्येक भगिनी सकाळी चहा-बिस्किटांवर निघतात आणि दुपारी दोनपर्यंत पोटात दुसरे काही नसते. त्यांच्याबाबत प्रश्न चहात किती उष्मांक आहेत हा नसून न्याहारी कोठे गेली हा आहे. त्यातच रक्त कमी असेल तर जेवणास लागून घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही. जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी, असे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात सांगितले आहे.

आणखी एक सूचना अत्यंत महत्त्वाची. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांना अचानक घाम सुटला, हातपाय कापू लागले, डोके हलके झाले तर रक्तातील साखर खाली गेलेली असू शकते. अशा वेळी गोड चहा करावयास धावू नये. तो होईपर्यंत वेळ जातो आणि त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. तीन चमचे साखर साध्या पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मनुष्य बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता त्यास रुग्णालयात आणावे. चहातील साखर एकदम बंद करणार असाल तर औषधाच्या मात्रेविषयी डॉक्टरांशी आधी बोलावे.

राहता राहिला शिष्टाचार. आल्यागेल्यास चहा विचारणे ही आपली रीत आहे आणि ती मोडावी असे आम्ही सुचविणार नाही. आमच्या पिग्मीवाल्या गृहस्थांनी स्वतःच युक्ती काढली. दोन दुकाने त्यांनी चहाची म्हणून निवडली. उरलेल्या सात ठिकाणी ते पाणी मागू लागले. पहिले काही दिवस दुकानदार रुसले. पुढे एकाने स्वतःची साखर तपासून घेतली, तीही वाढलेली निघाली, आणि तेथील चहा सर्वांसाठीच फिका झाला. घरच्या तीन कपांचे दोन झाले, दूध टोन्ड आले. पुढील तपासणीत आकडा उतरला. इन्सुलिनचा विचार डॉक्टरांनी तूर्त पुढे ढकलला आहे. सरसकट सर्वांचे असेच होईल असे आम्ही म्हणत नाही.

आहारतक्त्याची नवी छपाई तयार आहे. त्यात कपाचे माप, दुधाचा प्रकार आणि साखरेचे चमचे यांसाठी रिकाम्या जागा ठेवल्या आहेत. सभागृहाबाहेरील मेजावर मोजपात्र, वजनकाटा आणि साखरेचा डबा मांडला आहे. ज्यांनी सूचनेनुसार घरचा कप आणि चमचा बरोबर आणला असेल, त्यांनी तो मापून आपल्या तक्त्यात आकडे भरून न्यावेत. विभागातील भगिनी दुपारी चारपर्यंत तेथे बसतील.