पंपाच्या मोबाईल स्टार्टरला कोणते सिम चालेल?



मी कृषिविद्या शिकवतो. मोबाईलवर बोलायला का उभा राहिलो, असे तुमच्या मनात आले असेल. कारण उसाचे पाणी आहे. पंचगंगा, भोगावती, दूधगंगेच्या काठी मोटर नदीवर आणि शेत लांब वर, अशी आपल्यापैकी अनेकांची स्थिती. त्यात पाळीपाळीने रात्रीची लाईट. राधानगरीकडे वाटेत गवा, इतरत्र सापाची भीती. याकरिता मोबाईल स्टार्टर घेतला जातो आणि घरबसल्या मोटर चालू-बंद करता येते.

अडचण पुढे येते. रिचार्ज महाग पडते म्हणून आपण स्टार्टरमधला नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेतो. जानेवारी २०११ पासून देशभर ही सोय आहे. नंबर तोच राहतो, पण स्टार्टर मुका होतो. तेच सिम घरच्या फोनमध्ये घातले तर व्यवस्थित चालते! अशा वेळी दुकानदाराशी भांडून उपयोग नसतो. सिम चांगले, स्टार्टरही चांगला. दोघांची पद्धत मात्र वेगळी असते.

आपल्याकडे १९९५ साली मोबाईल आला तो जीएसएम पद्धतीचा, म्हणजे पुढे ज्याला टू-जी म्हणू लागले तो. २००३ च्या सुमारास रिलायन्सचे सीडीएमए फोन स्वस्तात मिळू लागले. त्यात नंबर बहुधा हँडसेटमध्येच बसवलेला असे. कंपनी सोडायची तर फोनही सोडावा लागे. ती सेवा बंद झाली आणि ते फोन माळ्यावर गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले ते फक्त फोर-जी घेऊन. तिथे टू-जी, थ्री-जी नाहीच. बोलणेसुद्धा इंटरनेटच्याच वाटेने जाते. त्याला व्होल्टे म्हणतात. आपले जुने स्टार्टर बहुतेक टू-जीचे. त्यामुळे जिओचे सिम त्यात चालत नाही. एअरटेल, व्होडाफोन-आयडिया व बीएसएनएलचे टू-जी असल्याने त्यांच्या सिमवर असा स्टार्टर चालतो. मात्र मोटरीजवळ त्यांची रेंज हवी.

मग खोक्यावर 'फोर-जी' लिहिलेला स्टार्टर घेतला की झाले का? नाही. काही फोर-जी मॉडेम फक्त इंटरनेट आणि मेसेजपुरते असतात. त्यावर ॲप चालते, पण फोन लावून एक नंबरचे बटण दाबण्याची आपली सवय तिथे कामाला येत नाही. जिओवर फोन लावूनच मोटर चालवायची असेल, तर मॉडेममध्ये व्होल्टे आहे का, हे स्पष्ट विचारा. दुसरे, बँड जुळले पाहिजेत. जिओचे फोर-जी ८५०, १८०० व २३०० मेगाहर्ट्झवर चालते. दुसऱ्या देशासाठी बनलेल्या मॉडेममध्ये यातले काही नसू शकतात. परदेशातून पाहुण्यांनी आणलेल्या फोनचेही तसेच. फाईव्ह-जीच्या मागे स्टार्टरसाठी लागू नका. मोटर चालू करायला तेवढा वेग कशाला हवा?

माझ्या मते टू-जी आणि व्होल्टेसह फोर-जी, दोन्ही असलेला स्टार्टर घ्यावा, चार पैसे जास्त पडले तरी. कंपनी घरातली रेंज पाहून ठरवू नका. नदीकाठ खोलगट असतो. मोटरीजवळ उभे राहून रेंज पाहा. कमी मेगाहर्ट्झच्या लहरी लांब पोचतात, म्हणून घरी जोरात चालणारे नेट तिथे हरवते आणि दुसऱ्या कंपनीचे साधे टू-जी मिळते. अँटेना पेटीबाहेर काढून खांबावर उंच बांधल्यास पुष्कळ फरक पडतो. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला नदीवर न्या आणि तुमचेच सिम घालून चार वेळा मोटर चालू-बंद करून दाखवायला सांगा.

फोनवर चालणाऱ्या स्टार्टरला इंटरनेटचे पॅक लागत नाही. फक्त कॉल व मेसेजचे पॅक ठेवावे, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना बंधनकारक केले आहे, तेच मागा. सिमला पिन लावलेला असल्यास आधी काढून टाका. आणि नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचे काम पाण्याच्या पाळीत काढू नका. जुने सिम बंद होऊन नवे सुरू होईपर्यंत काही तास जाऊ शकतात.