तरुणांची आवड आणि रेडिओची सुई

लोकप्रिय संगीताचा इतिहास सांगावयाचा म्हटले म्हणजे आपण सामान्यतः गायकांची, संगीतकारांची आणि चित्रपटांची नावे सांगू लागतो. गीत कोणी रचले, चाल कोणी बांधली, स्वर कोणाचा, एवढे कळले की आपले समाधान होते. परंतु ते गीत ऐकणारा कोण होता, त्याने ते कोठे आणि कसे ऐकले, ही बाजू बहुधा अंधारातच राहते. आजच्या भाषणात मला या दुसऱ्या बाजूविषयी बोलावयाचे आहे. आणि त्यासाठी आपल्याच देशातले, १९५२ ते १९५७ या काळातले एक प्रकरण मी निवडले आहे. त्या अवधीत आकाशवाणीने चित्रपटगीतांना आपले दार जवळजवळ बंद केले, आणि तरुण पिढीने रेडिओची सुई फिरवून थेट कोलंबो गाठले.

त्या काळची परिस्थिती प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. देश स्वतंत्र झाला तेव्हा आकाशवाणीची अवघी सहा केंद्रे आपल्या वाट्याला आली होती. रेडिओचा संच महाग. त्यासाठी टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे, आणि तो दरवर्षी नवा करून घ्यावा लागे. संच असे दिवाणखान्यात, आणि त्याची खुंटी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती. बातम्या, भजन आणि शास्त्रीय गायन झाले की तो बंद व्हावयाचा. मुलांना नवे गाणे ऐकावयाचे तर चित्रपटगृह, एखाद्या स्नेह्याकडचा ग्रामोफोन, नाहीतर कोपऱ्यावरचे चहाचे दुकान. १९३१ साली आपला चित्रपट बोलू लागल्यापासून गाणे हा त्याचा प्राणच होऊन बसला होता; आणि स्वातंत्र्याच्या सुमारास वयात येणाऱ्या पिढीला तेच आपले गाणे वाटत होते.

अशा वेळी, १९५२ साली, डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकर मूळचे पुण्याचे, पॅरिसमध्ये शिकलेले, संगीताचे जाणकार आणि शास्त्रीय संगीताचे निष्ठावंत अभिमानी. त्यांची भूमिका अशी, की संस्थानिकांचा आश्रय संपल्यावर आपल्या अभिजात संगीताला आधार देण्याचे कर्तव्य शासनाने पत्करले पाहिजे, आणि नभोवाणी हे त्याचे मुख्य साधन होय. ही भूमिका पोकळ नव्हती. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर या संस्थानांनी किती गुणीजनांना पोसले, हे तेथील जुन्या घराण्यांना सांगावयास नको. ती दरबारे मावळल्यावर त्या गायकवादकांनी जावयाचे कोठे, हा प्रश्न खराच होता. केसकरांच्या कारकिर्दीत १९५२ मध्ये संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीस आकाशवाणीचे वाद्यवृंद उभे राहिले. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलने भरू लागली. अनेक कलावंतांना यामुळे निश्चित मानधन आणि देशभरचा श्रोता लाभला.

परंतु याच निष्ठेची दुसरी बाजू चित्रपटगीतांच्या वाट्याला आली. ही गीते उथळ आहेत, पाश्चात्त्य ठेक्यांनी बिघडलेली आहेत आणि तरुणांच्या अभिरुचीस घातक आहेत, असे केसकरांचे मत होते. त्यांनी चित्रपटगीतांचा वेळ कमी केला, गाणी निवडून घेण्याची पद्धत लावली, आणि प्रसारणाच्या वेळी चित्रपटाचे नाव सांगू नये असे ठरविले. कारण नाव सांगणे म्हणजे चित्रपटाची फुकट जाहिरात करणे होय. निर्मात्यांना हे रुचले नाही. गीते वाजविण्यास दिलेली परवानगी त्यांनी काढून घेतली. पाहता पाहता आकाशवाणीवरून चित्रपटगीत दिसेनासे झाले. त्याची जागा सुगम संगीताने भरून निघेल, अशी मंत्र्यांची अपेक्षा होती.

ती जागा भरली दुसऱ्याच कोणी. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातील दोस्त सैनिकांसाठी कोलंबो येथे एक प्रबळ लघुलहरी केंद्र उभारण्यात आले होते. युद्ध संपल्यावर ते सिलोन सरकारकडे आले, आणि १९५० च्या सुमारास त्याचा व्यापारी विभाग सुरू झाला. लघुलहरींचा गुण असा, की वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून त्या दूर अंतरावर उतरतात. मध्यमलहरींचे केंद्र आपल्या पंचक्रोशीपुरते. पण कोलंबोचा आवाज मुंबईत जसा ऐकू येई तसाच तो इंदुरात, हैदराबादेत आणि बेळगावातही ऐकू येई. इंदुरास आकाशवाणीचे स्वतःचे केंद्र १९५५ मध्ये झाले. गोवा तर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली होता. केंद्रस्थानापासून दूर असलेल्या अशा गावांतल्या मुलांना कोलंबोने राजधानीतल्या मुलांच्या पंक्तीस बसविले. त्या लहरींना ना प्रांताची सीमा अडवू शकली, ना परकी सत्ता.

३ डिसेंबर १९५२ रोजी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला. तो मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि विमानाने कोलंबोस जाई. खर्च दंतमंजन विकणाऱ्या कंपनीचा. निवेदक अमीन सयानी तेव्हा वीस वर्षांचेही पुरे झाले नव्हते. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ नावाचे नियतकालिक चालवीत. त्या कामात हात लावता लावता सोपी, सर्वांना समजेल अशी हिंदुस्थानी या तरुणाच्या अंगी मुरली होती. आकाशवाणीची भाषा संस्कृतप्रचुर होत चालली असताना या निवेदकाने श्रोत्यांना घरातल्या माणसांप्रमाणे हाक मारली, आणि त्या हाकेत बहिणींचे नाव भावांच्या आधी घेतले.

कार्यक्रमाची घडण साधी होती. आरंभी सात गाणी वाजवीत, आणि ती कालानुक्रमे लावून पाठवा असे श्रोत्यांना सांगत. बरोबर उत्तरास शंभर रुपयांचे बक्षीस. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली. पुढे वर्षाच्या आतबाहेर आठवड्याची पत्रे पासष्ट हजारांवर गेली, आणि ती तपासणे अशक्य होऊन बसले. तेव्हा १९५४ च्या अखेरीस गाण्यांची लोकप्रियतेनुसार क्रमवारी लावण्याची पद्धत आली. प्रत्येक गाण्याला एक ‘पायदान’ मिळाले. या आठवड्यात कोणते गाणे चढले, कोणते उतरले, यावर बुधवारच्या रात्री पैजा लागू लागल्या. क्रम ठरविण्यासाठी ध्वनिमुद्रिकांच्या खपाचे आकडे मागवीत. आणि गावोगाव निघालेल्या श्रोतृसंघांचे मतही विचारीत.

श्रोतेहो, माझ्या मते या साऱ्या प्रकरणाचे मर्म येथे आहे. चित्रपटगीत तरुणांना आधीही मिळत होते. ते चहाच्या दुकानात मिळत होते, चित्रपटगृहात मिळत होते. कोलंबोने त्यांना जी नवी गोष्ट दिली ती म्हणजे पृच्छा. तुम्हांला काय आवडते, असे त्यांना प्रथमच कोणीतरी विचारले, आणि त्यांचे उत्तर मोजले. ज्या मुलाला घरात खुंटीला हात लावण्याची मुभा नव्हती, त्याचे पोस्टकार्ड समुद्रापार वाचले जाऊ लागले. हजारीबाग जिल्ह्यातले झुमरीतिलैया हे अभ्रकाच्या खाणींचे एक लहानसे गाव. आवडीच्या गाण्यांची मागणी करणाऱ्या तेथील पत्रांचा ओघ इतका मोठा, की सबंध देशाला ते नाव पाठ झाले. आपले आणि आपल्या गावाचे नाव हवेतून ऐकू यावे, या इच्छेत थोडी हौस होती, थोडी स्पर्धा होती. पण आपणही या देशात कोणी आहोत, ही जाणीवही तीत होती. मतदानाचे वय तेव्हा एकवीस होते. गाण्याच्या बाबतीत मात्र पंधराव्या वर्षीही मत देता येत होते.

आता ज्या संगीताला उथळ ठरविण्यात आले ते कोणाचे होते, हेही पाहू. गीतमालेच्या १९५३ च्या वार्षिक यादीत अग्रस्थानी आले ते ‘अनारकली’ चित्रपटातले एक गीत. त्याची चाल भीमपलासी रागाच्या आधाराने बांधलेली, संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, ज्यांनी पंडित विनायकबुवा पटवर्धनांकडे शिक्षण घेतले होते. गाणाऱ्या लता मंगेशकर यांचा जन्म इंदूरचा, आणि त्यांचे पिताजी मास्टर दीनानाथ हे गोव्यातल्या मंगेशीचे, मराठी रंगभूमीचे थोर गायक. याच सी. रामचंद्रांनी १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटात गोमंतकीय वादक चिक चॉकलेट यांच्या तुतारीला आणि ठेक्याला मानाने स्थान दिले. गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलिपी वाचावयास शिकलेले अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांसारखे वादक-संयोजक मुंबईच्या चित्रपटसंगीताचा कणा होते. म्हणजे रागदारी, नाट्यसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांचा तो संगम होता. त्यात गाळ नव्हता असे कोण म्हणेल? पण केवळ गाळच होता, असे म्हणणाऱ्याने ते कान देऊन ऐकले नसावे.

न्याय दोन्ही बाजूंना दिला पाहिजे. याच बंदीच्या काळात, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे केंद्रावरून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित होऊ लागले. छप्पन्न गीतांच्या त्या मालिकेसाठी लोक रेडिओभोवती जमत, आणि गीतांचे शब्द वृत्तपत्रांतून छापून येत. सुगम संगीताची केसकरांना असलेली अपेक्षा तेथे पूर्ण झाली, असे म्हणावयास हरकत नाही. विशेष हे, की हे यश ज्या दोघांनी मिळविले ते दोघेही चित्रपटाच्या उद्योगात घडलेले होते. उलट कोलंबोचे औदार्यही निरपेक्ष नव्हते. श्रोत्याला विचारणारा तो दंतमंजनाचा व्यापारी होता, आणि त्याला तरुणांच्या आवडीइतकीच त्यांच्या दातांचीही काळजी होती. खपाच्या आकड्यांवर जे चढते ते उत्तमच असते, असे मुळीच नाही.

शासनानेही अखेर वास्तव ओळखले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. कवी पंडित नरेंद्र शर्मा यांनी तिची घडी बसविली. चित्रपटगीते सन्मानाने परत आली, त्यांच्याबरोबर श्रोत्यांची पत्रे आणि सैनिकांच्या फर्माइशीही आल्या. कोलंबोने शिकविलेला धडा तेथे गिरविला गेला. पुढे साठीच्या दशकात ट्रान्झिस्टर हाती आला, आणि दिवाणखान्यातला रेडिओ मुलांच्या खोलीत, गच्चीवर, मैदानावर गेला. १९६९ मध्ये दिल्ली केंद्रावरून ‘युववाणी’ सुरू झाली आणि तरुणांपुढे ध्वनिक्षेपकच ठेवण्यात आला. गीतमाला मात्र आपल्या वाटेने चालत राहिली; १९८९ मध्ये ती विविध भारतीवर आली, आणि १९९४ मध्ये थांबली. अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी निवर्तले, तेव्हा वृद्ध झालेल्या त्या तरुणांना आपल्या घरातलेच कोणी गेल्यासारखे वाटले.

असा प्रकार केवळ आपल्याकडेच घडला असे नाही. इंग्लंडात बी.बी.सी.ने ध्वनिमुद्रिका वाजविण्यास अल्प वेळ दिला, तेव्हा तेथली मुले रात्री लक्झेंबर्गचे केंद्र लावू लागली. १९६४ मध्ये ‘रेडिओ कॅरोलाइन’ या केंद्राने सागरी हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून दिवसभर गाणी वाजविण्यास आरंभ केला. ऑगस्ट १९६७ मध्ये कायदा करून सरकारने अशा जहाजांची रसद तोडली. पण लगेच ३० सप्टेंबरला बी.बी.सी.ला तरुणांसाठी ‘रेडिओ वन’ काढावेच लागले. तेथे जहाज, येथे बेट; रीत एकच.

आज परवाना नाही आणि दिवाणखान्यातली खुंटीही नाही. प्रत्येक तरुणाच्या खिशात स्वतःचे केंद्र आहे. तथापि एक फरक विचार करण्याजोगा आहे. त्याने कोणते गाणे मध्येच सोडले, कोणते पुन्हा ऐकले, याची नोंद यंत्र त्याच्या नकळत ठेवते, आणि तेवढ्यावरून पुढचे गाणे त्याच्यापुढे सारते. पोस्टकार्ड लिहिणाऱ्या मुलाला आपण मत देत आहोत हे ठाऊक होते. लिहिण्यापूर्वी तो क्षणभर थांबत होता, मित्राशी वाद घालीत होता, आपल्या निवडीखाली आपले नाव लिहीत होता. अभिरुची घडते ती त्या थांबण्यात आणि त्या वादात.

म्हणून घरातल्या, शाळेतल्या वडीलधाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की मुलाचे गाणे आपल्या कानाला बोचले, तर ते बंद करण्यापूर्वी त्यात त्याला काय आवडते हे एकदा विचारून पाहावे, आणि मग आपल्या आवडीचे एक गाणे त्याला ऐकवावे. केसकरांनी ऐकविले पुष्कळ, आणि ते मोलाचेही होते. पण विचारले नाही. कोलंबोने विचारले, आणि सुई तिकडे वळली.