रोगाची वाट अडवा, शेतकऱ्याची नको
(कोपरगाव येथील बैठकीत केलेले भाषण)



आज कपाशीच्या भावावर बोलणार नाही. विषय दावणीच्या बैलाचा आहे. जनावरांत साथ आली म्हणजे आपल्या रस्त्यांवर कोणी, कोणाला आणि कशासाठी अडवायचे, हे ठरवायचे आहे.

2022 साल आठवा. ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात लम्पीची जनावरे सापडली. सप्टेंबरमध्ये सरकारने अख्खे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केले. बाजार बंद, शर्यती बंद, जनावरांची वाहतूक बंद. पण तोवर रोग आपल्या नगर जिल्ह्यात येऊन पोहोचला होता.

दिवस कोणते होते? रब्बी ज्वारीच्या पेरणीचे. बागायतदार ट्रॅक्टर लावतो. कोरडवाहू शेतकऱ्याची पाभर बैलावर चालते. एक बैल तापाने बसला की दुसरा असून नसल्यासारखा. ओल उडाली की ज्वारी गेली आणि कडबाही गेला. मेलेल्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार रुपये मदत जाहीर झाली. ती घ्यायलाच हवी. पण हुकलेल्या पेरणीचा हिशेब त्यात नाही. औषधपाण्यासाठी, लग्नकार्यासाठी ज्याला निरोगी जनावर विकायचे होते आणि बाजार बंद म्हणून विकता आले नाही, त्याचाही नाही.

मग वाहतूक अडवणे चूक होते का? नाही. शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस म्हणून सांगतो, लम्पी पसरतो तो मुख्यतः माश्या, डास आणि गोचिडांमुळे. माशी या गोठ्यातून त्या गोठ्यात जाईल, फार तर शेजारच्या शिवारात. टेम्पोत भरलेले जनावर एका रात्रीत चार जिल्हे ओलांडते. लागण झाल्यावर अंगावर गाठी दिसायला चार आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो. म्हणजे वरून धडधाकट दिसणारे जनावरही रोग घेऊन निघालेले असू शकते. साथीची लांब उडी माशी मारत नाही, चाक मारते.

उशीर झाला तर काय होते ते इंग्लंडकडे पाहून समजते. तिथे 2001 साली 20 फेब्रुवारीला लाळ्या-खुरकुताचे निदान पक्के झाले. देशभरातली जनावरांची हालचाल 23 तारखेला बंद केली. तोपर्यंत उत्तरेकडच्या बाजारांतून मेंढ्या दूरदूर गेल्या होत्या. शेवटी 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्या देशात डॉक्टर, पैसा, पोलीस, कशाचीच वाण नव्हती. रोग आधी रस्त्यावर निघाला होता, एवढेच.

आता कोपरगाव पाहा. नगर-मनमाड रस्ता इथून जातो, मुंबई-नागपूर रस्ता इथून जातो, डिसेंबर 2022 पासून समृद्धी महामार्गही तालुक्यातून सुरू झाला. कोळपेवाडी आणि सहजानंदनगरला साखर कारखाने आहेत. हंगामात बीड, पाथर्डीकडून ऊसतोडीच्या टोळ्या बैलगाड्या घेऊन येतात. ते बैलही आपल्यासारख्याच कोरडवाहू घरचे. 2022 चा गाळप हंगाम 15 ऑक्टोबरला, म्हणजे ऐन साथीत सुरू झाला. पुढे निर्बंध सैल झाले तेव्हा कानात टॅग आणि किमान 28 दिवस आधी लस, अशी अट आली. अट शास्त्राला धरून आहे. पण हिशेब करा. 15 ऑक्टोबरला निघणाऱ्या बैलाला 17 सप्टेंबरपर्यंत लस टोचलेली हवी. तोवर लस गावात आली नाही, तर दोष बैलवाल्याचा कसा?

हमरस्त्यावर पोलिसांचा नाका बसला तरी रात्रीचा टेम्पो पाणंदीने निघून जातो. पाणंदीवर कोण येते-जाते हे गावालाच ठाऊक असते. म्हणून गावाच्या मदतीशिवाय ही अडवणूक होत नाही. आणि गाव मदत कधी करील? खरे बोलणाऱ्याचे नुकसान होणार नाही याची खात्री असेल तेव्हा. 2009 च्या केंद्रीय कायद्याने रोगाचा संशय येताच ग्रामपंचायतीला किंवा गावच्या अधिकाऱ्याला कळवणे मालकावर बंधनकारक आहे. तपासणी नाके आणि विलगीकरणाची सोयही त्याच कायद्यात आहे. पण कळवले की दूध बंद, बाजार बंद, सोयरेही दारात येईनात, अशी धास्ती असेल तर माणूस आजारी जनावर लपवतो, नाहीतर रातोरात विकतो. मग रोगाला गाडीभाडे आपणच भरतो.

म्हणून आपल्या मागण्या अशा. पहिले जनावर सापडताच त्याच दिवशी त्या गावाभोवतीची जनावरांची वाहतूक थांबवा. आठवड्यांनी सारे राज्य बंद करू नका. भोवतालच्या पाच किलोमीटरमध्ये लगेच लस द्या. बंदीच्या हुकमावर ती कधी उठणार किंवा कधी फेरविचार होणार, ती तारीख लिहा. वाटेत अडवलेल्या जनावरांच्या चारापाण्याचा खर्च सरकारने करावा. लस आणि टॅग असलेल्याला हकनाक अडवू नये.

आणि आपली कामे. शिवेवर दोन माणसे बसवा, ती ग्रामपंचायत आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला सांगून. जनावरांची गाडी आली तर टॅग आणि दाखला विचारा, गाडीचा नंबर लिहून घ्या, शंका आली तर 1962 वर आणि पोलिसांना कळवा. ड्रायव्हरच्या अंगाला हात लावायचा नाही, गाडीतून जनावर उतरवून घ्यायचे नाही, पैसे मागायचे नाहीत. आजाऱ्याची गाडी, डॉक्टर आणि शाळेची पोरे कधीच अडवायची नाहीत. लम्पी माणसाला होत नाही, तेव्हा दुधाची गाडीही बंद पाडायची नाही.

लाळ्या-खुरकूत असेल तर मात्र जास्त जपावे लागते. तो चाकाला, चपलेला, चाऱ्याला, दुधाच्या कॅनलाही चिकटून जातो. तिथे गाडीची चाके धुवा. आधी शेण खरवडून काढा, कारण शेणाखाली औषध पोहोचत नाही. मग 10 लिटर पाण्यात 400 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून फवारा. या कामाला कपाशीचा पंप चालतो. फक्त आधी तो स्वच्छ धुवा, कीटकनाशकाचा अंश राहू देऊ नका.

पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. शिवेवर बसणाऱ्यांची नावे साथ यायच्या आधीच लिहून ठेवा. आणि ज्याच्या गोठ्यात पहिले जनावर आजारी पडेल, त्याची पेरणी गाव आपल्या बैलांनी करून देईल, हेही त्याच ठरावात घाला. मात्र औत-पाभर आपलीच न्यायची आणि बैल त्याच्या गोठ्याकडे फिरकू द्यायचे नाहीत. एवढे ठरले तर कोणी जनावर लपवणार नाही.