हळद, चुना आणि आपली मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलावयास उभे केले आहे खरे, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आमच्या शाळेत प्रयोगाच्या सामानाचे एक कपाट होते, त्याला कुलूप होते आणि किल्ली कोणाकडे होती हे मला शेवटपर्यंत कळले नाही. तेव्हा मी सांगणार ते पुस्तकातले नव्हे, ओट्यावरचे आहे.

चमचाभर हळद पाण्यात कालवा, पांढऱ्या कागदावर पातळ लावून वाळवा. त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब टाका. जागच्या जागी लाल डाग! त्यावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा. धुण्याच्या सोड्यानेही होते. खायच्या सोड्याने रंग तितका उठत नाही, मुले हिरमुसतात. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर डोळा जायचा. निवळी आपणच काढावी, थेंबही आपणच टाकावा. हळदीत कर्क्युमिन नावाचे द्रव्य असते. ते आंबटात पिवळे राहते आणि खारात लाल होते. वरण सांडलेल्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो तो यामुळेच. पूर्वी कुंकूसुद्धा हळदीपासूनच करीत, लिंबू आणि टाकणखार घालून. आपण जन्मभर दोन करंडे शेजारी ठेवतो, पण या दोघी सख्ख्या बहिणी हे मनात येत नाही.

आता पुढचे सांगू की नको, असा मी दोन दिवस विचार केला. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझ्या धाकटीला ताप आला. उतरेना. कोणी सांगितले म्हणून सासूबाईंनी एका माणसाला बोलावले. त्याने ताटात पाणी मागितले, हळद मागितली. माझ्याच डब्यातली हळद, माझ्याच हंड्यातले पाणी. त्याने बोटे बुडवून काहीसे पुटपुटले आणि पाणी रक्तासारखे लाल झाले. करणी आहे म्हणाला. घरचीच हळद नि घरचेच पाणी, मग संशय कशाचा घ्यायचा? उतारा झाला, कोंबडे झाले, पैसे गेले. पैशांचे एवढे नाही. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी पोरीला मान उचलवेना, तेव्हा घरच्यांनी तिला उचलून कर्जतला डॉक्टरांकडे नेले. रक्त तपासले, विषमज्वर निघाला. वाचली, पण डोक्यावरचे केस सगळे गेले, आणि मला डॉक्टरांकडे मान वर करून पाहवले नाही.

पुढे २८ फेब्रुवारी आली. सर रामन यांनी १९२८ साली त्या दिवशी आपला शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून तो विज्ञान दिन असतो. धाकटी शाळेतून पिवळा कागद घेऊन आली. “आई, गंमत बघ,” म्हणाली आणि वडिलांच्या तंबाखूच्या डबीतला चुना बोटाला लावून कागदावर टेकला. मी मटकन खाली बसले. त्या माणसाच्या बोटांना काय होते ते मला त्या क्षणी कळले. पोरगी विचारी, “आई, रडतेस कशाला?” तिला ते सांगायला मला रात्र झाली.

अशा लोकांवर आपल्या राज्यात २०१३ पासून कायदा आहे, तो असावाच. पण कायदा दाराशी येईपर्यंत चुन्याची डबी घरातच असते.

तेव्हापासून रविवारी आळीतली मुले आमच्या पडवीत जमतात. जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात चुरायच्या. त्या पाण्यात लिंबू घातले की गुलाबी, साबणाचे पाणी घातले की हिरवे. दुसरा खेळ मिठाचा. साध्या पाण्यात अंडे बुडते. पेल्यात दोन-तीन मोठे चमचे मीठ विरघळवले की वर येते. श्रावणात अंडे नको म्हणणारीने कच्च्या बटाट्याचा तुकडा घ्यावा, तोही तसाच वागतो. हा नुसता खेळ नव्हे हो! पेरणीआधी भाताचे बियाणे मिठाच्या पाण्यात टाका असे शेतीखाते सांगते, १० लिटर पाण्याला ३०० ग्रॅम मीठ. पोचट दाणे तरंगतात ते काढून टाकायचे, खाली बसलेले भरीव दाणे दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे. घरचे पूर्वी म्हणत, मीठ फुकट घालवतेस. यंदा रोहिणी लागायच्या आत त्यांनीच मिठाची पुडी आणून ठेवली.

सासूबाई त्या तापाविषयी कधी बोलत नाहीत, मीही काढत नाही. पण शनिवारी रात्री चुना भिजत घालून ठेवतात त्याच, सकाळी वरची निवळी अलगद गाळून बाटलीत भरतात, आणि बाटली मुलांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवतात.

ज्यांना मुले पाठवायची असतील त्यांनी रविवारी दहाला पाठवावीत, अंगात जुने कपडे घालून. हळदीचा डाग पडलाच तर साबणाने घासत बसू नका. धुऊन कडक उन्हात टाका, उन्हाने तो उडतो.